शिफारसपत्राचे वजन किती?

'शिफारस' हा शब्द उच्चारला की मराठी घरांत पूर्वापार एकच चित्र डोळ्यांपुढे येते, ते म्हणजे चिठ्ठीचे. मुलाला कॉलेजात घालायचे आहे, जावयाची बदली रद्द करून घ्यायची आहे, भाच्याला बँकेत चिकटवायचे आहे; मग ओळखीपाळखीतून कुणा बड्या माणसापर्यंत पोहोचायचे, सकाळी लवकर त्यांच्या बंगल्यावर जाऊन बसायचे आणि दोन ओळींची चिठ्ठी घेऊन परतायचे. त्या दोन ओळींत काय लिहिले आहे याला फारसा अर्थ नसतो. कागदाच्या माथ्यावर कुणाचे नाव छापले आहे आणि खाली कुणाची सही आहे, एवढेच पाहिले जाते. मुलगा कसा आहे हे चिठ्ठी देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही त्याच्याशी कर्तव्य नसते. मुलगा कुणाचा आहे हे कळले की काम भागते.

हीच समजूत मनात धरून आजही कितीतरी तरुण-तरुणी परदेशी बिझनेस स्कूलचा अर्ज भरायला बसतात आणि तिथेच फसतात. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, व्हार्टन, फ्रान्समधील इन्सिआड किंवा आपल्याकडची हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस, यांच्या अर्जात शिफारसपत्र मागितलेले असते. ते वाचले की घरात चर्चा सुरू होते. काकांच्या ओळखीचे एक खासदार आहेत. आत्याचे दीर मोठ्या कंपनीत संचालक आहेत. कुलगुरूंकडून पत्र मिळाले तर? ज्याच्या हाताखाली मुलीने चार वर्षे काम केले त्या साध्या टीम-लीडरचे नाव मात्र कुणाला सुचत नाही. वास्तविक त्या अर्जाला हवे असते ते त्याचेच पत्र.

कारण तिथली शिफारस ही साक्षीसारखी असते. कोर्टात साक्षीदार केवढा मोठा माणूस आहे हे विचारत नाहीत. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले हे विचारतात. ज्या खासदारांनी मुलीला एकदाच, तेही तिच्या मावशीच्या लग्नात पाहिले आहे, ते तिच्या कामाबद्दल काय सांगणार?

गुणांचा भरवसा

यात मुलांचा फारसा दोष नाही. आपल्या देशातील बहुतेक व्यवस्थापन संस्थांचे दार गुणांच्याच किल्लीने उघडते. आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस होणारी कॅट, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट, सिंबायोसिसची स्नॅप, महाराष्ट्रातील संस्थांसाठी राज्याची सीईटी; नावे वेगळी, रीत एकच. कॅटचेच पाहा. दोन तासांचा पेपर, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग, बरोबर उत्तराला ३ गुण आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले की १ गुण वजा. अलीकडच्या वर्षांत तीन लाखांच्या आसपास मुले ही परीक्षा देतात आणि पर्सेंटाइलच्या एका दशांशासाठी क्लासमध्ये वर्ष घालवतात. पुढे दहावी-बारावीचे गुण, पदवी, नोकरीचा अनुभव, मुलाखत हे सारे पाहिले जाते. पण वरिष्ठांनी तुमच्याबद्दल काय लिहिले आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि तेच बरे आहे, असेही म्हणावे लागेल. जिथे चिठ्ठीवर माणसे आत शिरतात, तिथे नाव-गाव न पाहणारी परीक्षा हे मोठेच वरदान. ज्यांच्या घरात कुणाचीही ओळख नव्हती, अशा हजारो मुलामुलींना या कोरड्या आकड्यांनीच वाट करून दिली. म्हणून परदेशी अर्ज समोर आला तरी आपली मुले साहजिकच सारा जोर परीक्षेवर लावतात आणि शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

परीक्षा तिकडेही आहे. अमेरिकेतील काही बिझनेस स्कूलनी १९५३ मध्ये एकत्र येऊन ती घ्यायचे ठरवले आणि १९५४ मध्ये ती पहिल्यांदा घेतली गेली. १९७६ मध्ये तिला जीमॅट हे नाव मिळाले. १९९७ मध्ये ती कागद-पेन्सिलीवरून संगणकावर आली. एक उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न जरा अवघड देतो, चुकले की सोपा. अशी तिची रचना. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे रूप पुन्हा बदलले. आता गणित, भाषा आणि माहितीचे विश्लेषण असे पाऊण-पाऊण तासाचे तीन भाग, एकूण ६४ प्रश्न आणि सव्वादोन तासांचा वेळ. निबंध गेला, भूमितीही गेली. पूर्वी गुण २०० ते ८०० या पट्टीवर मोजत, आता २०५ ते ८०५ या पट्टीवर मोजतात आणि प्रत्येक गुणसंख्येच्या शेवटी ५ असतो.

ही पट्टी नीट समजून घेतली नाही तर घरात उगाच वादावादी होते. जुन्या परीक्षेतील ७०० म्हणजे नव्या परीक्षेतील साधारण ६४५. शेजारच्या दादाला २०१९ मध्ये ७२० मिळाले होते आणि आपल्या मुलीला आता ६६५ मिळाले, तर ती मागे पडलेली नाही. दोघे जवळजवळ बरोबरीचे आहेत. जीमॅटऐवजी जीआरई ही परीक्षाही आता बहुतेक ठिकाणी चालते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने ती २००९ पासून मान्य केली. दोन्ही परीक्षांचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरतात, कॅटसारखे एका वर्षात शिळे होत नाहीत.

पण हे गुण सांगतात तरी काय? विद्यार्थ्याला आकडे कळतात, मुद्दा कळतो, पहिल्या वर्षाचा अभ्यास त्याला झेपेल, एवढेच. परीक्षा काढली तीही मुख्यतः त्यासाठीच. खुद्द हार्वर्डने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दहा वर्षे जीमॅटची अट काढून टाकली होती. त्या दहा वर्षांत त्यांचे वर्ग काही रिकामे राहिले नाहीत. पुढे १९९० च्या दशकात ती अट त्यांनी परत आणली. परीक्षेवाचून चालते, पण ती असली तर निवड करणाऱ्याचे काम हलके होते, असा याचा अर्थ घेता येईल.

हार्वर्डकडे अलीकडे वर्षाला आठ ते दहा हजार अर्ज येतात आणि सुमारे ९३० जणांना प्रवेश मिळतो. निवडलेल्यांच्या गुणांचा मध्य जुन्या पट्टीवर ७४० च्या आसपास असतो. म्हणजे आत गेलेल्यांपैकी निम्मे त्याच्या खालचे आणि त्याहून वरचे गुण असूनही बाहेर राहिलेले पुष्कळ. त्यातून भारतातील अर्जांचा प्रश्न आणखी निराळा. इंजिनिअरिंगची पदवी, तीन-चार वर्षे आयटी कंपनीत नोकरी, गणितात उत्तम गुण. असे एकाच साच्यातले अर्ज शेकड्यांनी येतात. त्यांतून एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढायचे कशावरून? गुणपत्रिका इथे मुकी होते. मग निवड समितीचा सदस्य त्याच्यासोबत काम केलेल्या माणसाचे पत्र उघडतो.

पत्रात काय विचारतात?

हे पत्र पाकिटात घालून, लाख लावून पाठवायचे दिवस गेले. अर्ज करणाऱ्याने फक्त पत्र देणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि ऑफिसचा ई-मेल पत्ता द्यायचा. संस्थेकडून परस्पर त्या पत्त्यावर दुवा जातो. पत्र देणारा तो उघडतो, प्रश्नांची उत्तरे लिहितो आणि परस्पर पाठवून देतो. उमेदवाराच्या हाती काही येत नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे अर्जातच एक प्रश्न असतो, हे पत्र पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? बहुतेक जण तो सोडतात आणि सोडावाच. जे पत्र उमेदवार वाचणार आहे त्यात कोण मोकळेपणाने लिहील?

पूर्वी प्रत्येक संस्थेचे प्रश्न निराळे असत आणि एकाच साहेबांना सहा ठिकाणी सहा तऱ्हांनी लिहावे लागे. आता जीमॅट घेणाऱ्या संस्थेनेच तयार केलेला एक सामाईक नमुना अनेक बिझनेस स्कूल वापरतात. त्यात आधी एक तक्ता असतो. पुढाकार, दुसऱ्याला समजून घेण्याची वृत्ती, सहकाऱ्यांना पुढे आणण्याची हातोटी अशा गुणांपुढे उमेदवार कोणत्या पायरीवर आहे त्याची खूण करायची. त्यानंतरचे दोन प्रश्न खरे कसोटीचे. अशाच कामावरच्या दुसऱ्या चांगल्या माणसांच्या तुलनेत हा उमेदवार कसा आहे, उदाहरणे देऊन सांगा. आणि दुसरा, तुम्ही याला त्याच्या कामाबद्दल दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, ती कोणत्या प्रसंगी दिली आणि त्याने ती कशी घेतली?

या दुसऱ्या प्रश्नाशी आपली मंडळी अडखळतात. आपल्याकडे चारित्र्याच्या दाखल्यात दोष लिहायची पद्धत नाही. 'माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली आहे' यापलीकडे तो कधी जात नाही. त्यामुळे साहेब विचारात पडतात आणि शेवटी लिहितात की, हा मुलगा फार काम करतो, स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देत नाही. दोषाच्या नावाखाली केलेली ही स्तुती वाचून निवड समितीचे लोक कंटाळलेले असतात.

समजा, एका मुलीबद्दल दोन पत्रे आली. एकात लिहिले आहे की ती अत्यंत मेहनती, प्रामाणिक, कर्तव्यदक्ष असून तिचे भवितव्य उज्ज्वल आहे. सही मोठ्या कंपनीच्या संचालकांची. दुसरे पत्र चाकणच्या एका गोदामाच्या व्यवस्थापकाचे. तो लिहितो : 'मार्चअखेरीस मालाचा हिशेब जुळत नव्हता. आम्ही सर्वांनी चोरीचा संशय धरला होता. हिने तीन रात्री स्टोअरकीपरजवळ बसून नोंदी तपासल्या आणि परत आलेला माल दोनदा चढवला जातो हे शोधून काढले. मात्र हे सारे तिने एकटीने केले. हाताखालच्या दोघांना तिने काही सांगितले नव्हते. त्याबद्दल मी तिला बोललो. तिला ते आवडले नाही. पण पुढच्या तिमाहीत मोजणीचे काम तिने त्या दोघांवर सोपवले. पहिले काही दिवस ती त्यांचे कागद लपून तपासत असे, नंतर तेही बंद केले.' व्यवस्थापकाचे इंग्रजी साधे असेल, एखादे क्रियापदही चुकले असेल. तरी हे पत्र वाचणाऱ्याला ती मुलगी दिसते आणि संचालकांच्या पत्रात ती कुठेच दिसत नाही.

'तूच लिहून आण'

आता या सगळ्यातील नाजूक गोष्ट. आपल्या ऑफिसांतून शिफारसपत्र मागितले की दहांतले कितीतरी साहेब हसून म्हणतात, 'अरे, तूच लिहून आण, मी सही करतो.' यात त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना वेळ नसतो, इंग्रजीत दोन पाने लिहायची सवय नसते. शिवाय आपल्याकडे सही ही आशीर्वादासारखी दिली जाते. मजकूर कुणाचा आहे याने त्यांच्या दृष्टीने काही बिघडत नाही. मुलालाही हायसे वाटते. स्वतःबद्दल हवे ते लिहिता येईल, दुसऱ्यावर विसंबायला नको.

परंतु बिझनेस स्कूलच्या दृष्टीने हा सरळसरळ खोटेपणा आहे. पत्र लिहिण्यात उमेदवाराचा हात नसावा, असे बहुतेक संस्था स्पष्ट बजावतात. आणि असे पत्र ओळखू येते. उमेदवाराचा निबंध आणि त्याची दोन्ही पत्रे एकाच हातची असली, की तेच शब्द, तेच लांबलचक वाक्य, तोच प्रसंग तिन्ही ठिकाणी सापडतो. पत्र ऑफिसच्या पत्त्याऐवजी कुठल्याशा फुकटच्या ई-मेलवरून आले की शंका आणखी वाढते. काही संस्था निवडलेल्यांची नोकरी, पगार, पत्र देणाऱ्याचे नाव हे सारे त्रयस्थ कंपनीकडून तपासून घेतात. पत्र देणाऱ्याला फोनही जातो. त्या वेळी साहेबांना आपल्याच पत्रातील प्रसंग आठवला नाही, तर मिळालेला प्रवेशही काढून घेतला जातो.

निबंधांच्या बाबतीत अशी चाळणी पूर्वीच लागली. कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाच्या अँडरसन बिझनेस स्कूलने २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने अर्ज तपासले तेव्हा दुसरीकडून उचललेले पन्नासहून अधिक निबंध सापडले आणि ते अर्ज बाद झाले. आता मजकूर लिहून देणारी यंत्रे घरोघरी आली आहेत. पैसे घेऊन निबंधासकट शिफारसपत्रेही 'तयार करून' देणारे सल्लागार तर आधीपासूनच आहेत. त्यांच्या नादी लागण्यापूर्वी पालकांनी एक हिशेब मांडावा. हार्वर्डसारख्या ठिकाणी दोन वर्षांची फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च मिळून दोन लाख डॉलरच्या पुढे जातो. म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक. त्यासाठी कुणी घर गहाण ठेवते, कुणी निवृत्तीचा पैसा काढते. एवढी मोठी उडी सही उसनी घेतलेल्या पत्रावर मारायची का?

साहेब 'तूच लिहून आण' म्हणाले, तर काय करावे? नकार देता येत नाही, कारण साहेब आहेत. तेव्हा 'सर, संस्थेचा नियम तसा नाही, माझाच अर्ज बाद होईल,' एवढे नम्रपणे सांगावे. नियमाचे नाव घेतले की कुणाचा मान दुखावत नाही. मग त्यांच्यासाठी एका पानावर आपण एकत्र केलेल्या कामांची यादी द्यावी. कोणते काम, कोणत्या महिन्यात, काय अडचण आली, शेवटी काय झाले. तुमच्या एखाद्या चुकीवरून ते रागावले असतील तर तीही तारीख लिहावी. वाक्ये लिहून देऊ नयेत, आठवण करून द्यावी. ही मदत रीतसर आहे आणि बहुतेक संस्थांना ती चालते. सोबत आपण एमबीए का करू पाहतो हे पंधरा-वीस मिनिटे बसून सांगावे. इंग्रजीचा संकोच असेल तर साध्या भाषेत लिहिले तरी चालते, हे आवर्जून सांगावे. परीक्षा त्यांच्या इंग्रजीची नसते.

साहेबांना सांगायचे कसे?

काहींची अडचण याहून मोठी असते. पत्र मागणे म्हणजे वर्षभरात नोकरी सोडणार हे जाहीर करणे. त्यानंतर पगारवाढ अडली, बढती दुसऱ्याला गेली, असे घडू शकते. आणि प्रवेश मिळाला नाही तर त्याच खुर्चीत परत बसायचे. संस्थांना याची कल्पना असते. सध्याच्या साहेबांकडून पत्र घेणे धोक्याचे असेल, तर आधीच्या नोकरीतील वरिष्ठ, त्याच कंपनीतील दुसऱ्या विभागाचे अधिकारी किंवा ज्यांचे काम तुम्ही जवळून पाहिले ते ग्राहक चालतात. मात्र कारण अर्जात दोन ओळींत लिहावे. लपवले तर सध्याच्या साहेबांचे मत वाईट असावे, असा तर्क केला जातो.

घरच्या धंद्यात असलेल्यांचा प्रश्न वेगळा. कोल्हापूरची फाउंड्री, सांगलीचा हळदीचा व्यापार, बडोद्यातील एखादे छोटे वर्कशॉप, जिथे मुलगा वडिलांच्याच हाताखाली काम करतो, तिथे शिफारस करणार कोण? वडिलांचे किंवा काकांचे पत्र चालत नाही, मग ते कितीही खरे असो. अशा वेळी वर्षानुवर्षे माल घेणारा ग्राहक, कच्चा माल पुरवणारा व्यापारी किंवा ज्याने कर्जाच्या वेळी मुलाशी वाटाघाटी केल्या तो बँकेचा अधिकारी उपयोगी पडतो. मुलाने भावात कशी घासाघीस केली आणि एकदा दिलेला शब्द तोटा सोसून कसा पाळला, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल?

कॉलेजचे प्राध्यापक हा शेवटचा पर्याय समजावा. नोकरीला लागून चार वर्षे झाली असताना प्राध्यापकांचे पत्र आणले तर कामाच्या ठिकाणी कुणी बोलायला तयार नव्हते की काय, असे वाटते. अपवाद शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांचा. हार्वर्डची आधी प्रवेश, मग दोन वर्षे नोकरी अशी एक योजना आहे, तिला प्राध्यापकांचे पत्र योग्यच ठरते.

जीमॅटला तिसऱ्यांदा बसून वीस-तीस गुण वाढवण्यासाठी मुले चार-चार महिने घालवतात. गुण फारच कमी असतील तर ते करावेच. पण गुण त्या संस्थेच्या नेहमीच्या पट्ट्यात बसत असतील, तर त्यांतले चार रविवार काढून दोन्ही वरिष्ठांसोबत बसणे जास्त फायद्याचे ठरते. या बैठका लांबणीवर पडतात त्या संकोचामुळे. एकटे बसून गणिते सोडवणे सोपे वाटते. साहेबांपुढे जाऊन 'माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटते?' असे विचारणे कठीण.

अर्जांची पहिली फेरी बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्ये आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला संपते. पहिल्या फेरीसाठी साहेबांना जून-जुलैमध्येच सांगावे. गणपतीच्या सुट्ट्या, तिमाहीअखेर, त्यांचे दौरे हे सारे मध्ये येणार. त्यांना मुदतीची खरी तारीख सांगण्याऐवजी आठवडाभर आधीची सांगितली तर पाप लागत नाही. हार्वर्डची मुदत बोस्टनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बारा वाजता संपत आली आहे. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. त्या वेळी, साहेब जेवायला बसले असताना, 'सर, तेवढे पत्र...' असा फोन करायची पाळी आपल्यावर येऊ नये.